साळूबाईचा पट्टा

लिंबाच्या लोणच्याची बरणी किशोरने फोडली ती अगदी ठरवून. मंगळवारी सकाळी आई चुलीसमोर बसलेली बघून त्याने फळीवरची बरणी उचलली, एकवार तिच्याकडे पाहिलं आणि हात सोडले. बरणी साळूबाईच्या माहेरची होती आणि आतलं लोणचं दोन वर्षांचं मुरलेलं होतं. स्वयंपाकघरभर फोडी पांगल्या. किशोर मान खाली घालून, डोळे मिटून उभा राहिला. खिशात वही होती, पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलेलं होतं.

"लागलं नाय ना रे बाळा?" साळूबाई म्हणाली.

किशोरने एक डोळा उघडला.

"फुटू दे. तुझ्यावरचं बरणीवर गेलं म्हणायचं. सरक तिकडं, खापर लागंल पायाला."

आणि तिने स्वतः वाकून फोडी गोळा करायला सुरुवात केली. किशोरने पेनाला टोपण घातलं. दारात त्याची बायको छाया उभी होती. तिने नवऱ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिच्या मते लोणचं वाया गेलं होतं आणि उपयोग शून्य झाला होता.

आता आईच्या शिव्या खाण्यासाठी सव्वीस वर्षांचा बाप्या माणूस बरण्या का फोडत होता, हे सांगायला हवं. नाशिकजवळच्या मखमलाबादेत साळूबाईचं तोंड प्रसिद्ध होतं. तिने एकदा पट्टा सुरू केला की शेजारच्या मळ्यातली माणसं मोट... नव्हे, मोटारपंप बंद करून ऐकायची. वाईट शब्द तिच्या तोंडी कधी यायचा नाही; तिला त्याची गरजच नव्हती. किशोरने नळ उघडा टाकला, तर ती नळापासून निघायची, तिथून त्याच्या सातवीच्या गणितावर जायची, तिथून सासरच्या सगळ्या खानदानाला एक फेरी मारायची आणि बरोबर समेवर नळापाशी येऊन थांबायची. हे सगळं कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता चालायचं. मूठभर उचलायची, माती झटकायची, सुतळी आवळायची, ढिगावर फेकायची. उचल, झटक, बांध, फेक. शब्द त्या चार ठोक्यांवर पडायचे.

किशोर तेव्हा अंबडला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. प्रेसच्या दणक्यावर तो सकाळचं ऐकलेलं बोलणं गुणगुणायचा. दुपारी कॅन्टीनमध्ये ताटावर बोटं वाजवून म्हणून दाखवायचा. 

"नळाला आलं पाणी तवा नवरदेव झोपला, 
पाणी गेल्यावर म्हणतो, माझा टॉवेल कुठं लपला?" 

पोरं हसून लोळायची. कॅन्टीनमधून तो गणपतीच्या स्टेजवर गेला, स्टेजवरून मुंबईच्या एका कॅसेट कंपनीच्या कानावर गेला. याला रॅप म्हणतात हे त्या लोकांनी सांगेपर्यंत किशोरला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, आपण आईची नक्कल करतो.

कॅसेटचं नाव ठेवलं 'तोंडाचा पट्टा' आणि किशोरचं नाव ठेवलं 'किंग किशा'. वरच्या फोटोत काळा गॉगल किशोरचा होता, गळ्यातली जाड साखळी स्टुडिओची होती. एकोणीसशे नव्याण्णवच्या गणपतीत ती कॅसेट आली आणि नाशकात शालिमारपासून सातपूरपर्यंत अशी एक रिक्षा नव्हती की जीत साळूबाई वाजत नव्हती. हळदीला तीच, वरातीला तीच. कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगला म्हणे मुख्याध्यापक स्वतः नाचले. किशोरने नोकरी सोडली. कारखान्याने हार घातला, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. "कलेला वेळ देता येत नाही," असं छोटंसं भाषणही त्याने केलं. फोरमन तेवढा जाताना म्हणाला, "जागा हाय रे तोवर. कधी पण ये." किशोरला ते जरा लागलंच होतं.

दोन वर्षं कौतुकात गेली. मग कंपनीच्या स्नेहल मॅडमचा फोन आला. फोन घरात नवा होता आणि त्यावर क्रोशाचं कापड घातलेलं होतं. किशोरने कापड बाजूला करून नवी नऊ गाणी एका दमात ऐकवली. एक गॉगलवर होतं, एक चाहत्यांच्या पत्रांवर, एक स्वतःच्या नावावर, आणि उरलेली सहा साधारण त्याच विषयांवर.

"छान आहेत," स्नेहल मॅडम म्हणाल्या. "पण किशोर, यात आहे कोण?"

"मी."

"ते कळलं हो. आई कुठंय?"

किशोरने क्रोशाच्या कापडाची कडा बोटाला गुंडाळली.

"हे बघा, एक ऑगस्टपासून तीन दिवस स्टुडिओ घेतलाय. गणपतीच्या आधी कॅसेट बाजारात नसली तर या वर्षी कोणी वाजवणार नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी ओळखणार नाही. आमचे साहेब म्हणतात, सातारचा एक मुलगा आहे, तो सासऱ्याच्या बोलण्यावर करतो. फार चांगलं करतो. मी त्यांना थांबवलंय."

फोन ठेवून किशोर ओट्यावर आला. साळूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गहू निवडत होती. तो समोर बसला आणि आठवू लागला, आईने आपल्याला शेवटचं कधी झापलं? आठवेना. कॅसेट आल्यापासून एकदाही नाही! 'किशा', 'मुडद्या', 'दिवटा' ही त्याची घरातली सगळी नावं जाऊन एक 'बाळा' उरलं होतं. पहिले काही महिने त्याला ते सुखाचं वाटलं होतं. आता मात्र आपण आपल्याच घरी पाहुणे आलोय आणि कोणी आपल्याला पोराटोरात धरत नाही, असं त्याला वाटलं. कॅसेट गेली तर अंबड होतं. हे गेलं तर कुठं जायचं?

"मग चिडवा की त्यांना," छायाने साधा उपाय सांगितला. "मला तर काय न करता ऐकायला मिळतं."

किशोरने मनावर घेतलं. पहिल्या दिवशी तो अकरापर्यंत अंथरुणात लोळला. साळूबाईने रेडिओ बंद केला आणि सगळ्यांना चवड्यांवर चालायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो चिखलाच्या बुटांनी देवघरापर्यंत गेला. तिने मागोमाग पोतेरं फिरवलं. "दमून येतंय लेकरू, त्याला काय सुधरणार?" तिसऱ्या दिवशी जेवताना ताट सरकवून तो म्हणाला, "भाजी आळणी आहे." भाजी छायाने केली होती आणि छान झाली होती. छायाने डोळे वटारले. साळूबाईने उठून त्याच्यासाठी शिरा केला. मग बरणी झाली. बरणीनंतर त्याने शेवटचं अस्त्र काढलं. त्याने म्हशीचं दावं सोडलं आणि तिला कोथिंबिरीच्या वाफ्याकडे वळवलं.

म्हशीलाही ते पटत नव्हतं. ती वाफ्याच्या कडेला थांबली, मागे वळून तिने किशोरकडे पाहिलं आणि मग भीत भीत एक पाय आत टाकला. नेमका तेव्हा किशोरचा बाप बारकू विहिरीकडून आला. बारकूआण्णा हा मखमलाबादेतला सर्वात कमी बोलणारा माणूस. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यात त्याला बोलायला फट अशी सापडलीच नव्हती. पुढे बोलायची सवयही गेली. त्याने म्हैस पाहिली, वाफा पाहिला, पोराच्या हातातलं दावं पाहिलं.

"माणूस हायेस का..." आण्णा म्हणाले.

किशोरने झटकन वही काढली. पण पुढचा शब्द आला नाही. आण्णांनी म्हैस वळवली आणि ते निघून गेले. तीन शब्दांवर गाणं होत नसतं. साळूबाईने पायदळी गेलेली कोथिंबीर पाहिली, तिचे ओठ थरथरले, किशोरच्या आशा पालवल्या. आणि ती तरातरा घराच्या मागे निघून गेली. परत आली ती शांत होती. "म्हशीनं खाल्लं तर काय झालं," ती म्हणाली, "दूध तर आपणच पितो."

हे सगळं बांधावरून शेजारच्या लताबाईने बघितलं होतं. लताबाईने बघितलं की गावाने बघितल्यासारखंच होतं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, की किंग किशाच्या डोक्यावर परिणाम झालाय. बरण्या फोडतो, म्हशींशी बोलतो. साळूबाईने लगेच मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मिरच्या दमट होत्या. विस्तवावर टाकल्या तरी ठसका म्हणून आला नाही. "बघ गं लता!" साळूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढी जबर दृष्ट, की मिरचीसुद्धा जळंना!" आणि तिने तिथल्या तिथे किशोरच्या नावाने सात मंगळवार निर्जळी धरले.

आता मात्र किशोरची पाचावर धारण बसली. ओरडा मिळवायला निघाला होता, आणि आईवर उपाशी राहायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी तो बांधावर कुंपण नीट करणाऱ्या आण्णांजवळ जाऊन बसला.

"आण्णा, आई मला बोलत का नाय हो?"

आण्णांनी तार ओढली, खिळा ठोकला, दुसरा खिळा तोंडातून काढला.

"सोडलंय," ते म्हणाले.

"काय सोडलंय?"

"तुला बोलणं."

"कुठं?"

"गडावर."

आणि ते पुढच्या खांबाकडे सरकले. पण किशोरला तेवढं पुरे होतं. वणीच्या गडावर देवीपुढे माणसं नवसाला एखादी वस्तू सोडतात, हे त्याला माहीत होतं. कोणी चहा सोडतं, कोणी गोड सोडतं. लताबाईने मुलीचं लग्न जमावं म्हणून वांगं सोडलं होतं. तिला वांग्याने अंगाला खाज सुटायची हा भाग वेगळा. पण आपल्या आईने काय सोडावं! तो तसाच घरात गेला.

"आई, तू मला बोलायचं सोडलंस? कॅसेटसाठी?"

साळूबाईने त्याच्याकडे बघितलं आणि तिला चोरी सापडल्यासारखं झालं. "तुला कोणी सांगितलं?"

"आण्णांनी."

"ते बोलले?" तिला याचंच जास्त नवल वाटलं.

"अगं पण दुसरं काय तरी सोडायचं! चहा सोडायचास. वांगं सोडायचंस."

"देवीला काय नावडतं द्यायचं व्हय?" साळूबाई म्हणाली. "लता देती, मी नाय देत. माझी सगळ्यात आवडती गोष्ट सोडली मी."

"मला बोलणं तुझी आवडती गोष्ट?"

"मंग?" साळूबाई पदराशी चाळा करत म्हणाली. "तू कारखान्यातून पहिली पाळी करून यायचास. तोंड सुकलेलं, हात तेलानं काळे. मी बोलाया लागले की तू हळूच हसायचास, मला दिसायचं. मला वाटायचं, आलं माझं पोर घरी. तुझी कॅसेट निघाली तवा देवीला म्हटलं, आई, पोराचं चालू दे, मी त्याला एक शबुद बोलणार नाय. आन् बघ, चालली ना?"

किशोर तिच्यासमोर खाली बसला.

"बरणी फुटली तेव्हा काहीच नाही वाटलं?"

"हा बघ," तिने पदराचा काठ पुढे केला. त्याच्या दशा निघाल्या होत्या. "मागं जाऊन तोंडात कोंबते. म्हशीच्या टायमाला तर अर्धा काठ खाल्ला मी, बाळा."

"मोडता नाय येत?"

"वेडा का खुळा तू? मोडला नवस आन् गेला तुझा आवाज म्हंजी?"

किशोरने फोनवरचं कापड काढलं आणि मुंबईला फोन लावला. "मॅडम, जमत नाही. तुम्ही सातारच्या मुलाला घ्या," तो म्हणाला. मग त्याने पेटीच्या तळातून कारखान्याचा खाकी शर्ट काढून छायाकडे इस्त्रीला दिला. छायाने कोळसे पेटवले. स्नेहल मॅडम मात्र ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा उलट फोन आला. "हे फोनवर सांगायचं नसतं. मी उद्या येते, तोंडावर सांगा," त्या म्हणाल्या.

त्या आल्या तो दिवस नेमका अवघड होता. दहा गुंठे कोथिंबीर सकाळीच उपटून पडवीत आणून टाकली होती आणि जुड्या बांधायला यायच्या त्या पेठ तालुक्याकडच्या बाया भाताच्या लावणीला आपापल्या गावी गेल्या होत्या. संध्याकाळच्या लिलावाला माल न्यायचा तर टेम्पो चार वाजता दारात उभा राहणार. पडवीत माणसाच्या छातीएवढा हिरवा डोंगर आणि बांधायला चार माणसं. बाया लावल्यापासून दोन वर्षं खुर्चीत बसलेल्या साळूबाईने पदर खोचला आणि ती ढिगापुढे बसली. छाया बसली, आण्णा बसले, किशोर बसला. स्नेहल मॅडम पांढरी पॅन्ट घालून दारात उभ्या होत्या. कोणी त्यांना या म्हणेना की बसा म्हणेना, तेव्हा त्याही पर्स मांडीवर घेऊन किशोरशेजारी बसल्या.

"उचलायचं, झटकायचं, बांधायचं, फेकायचं," छायाने त्यांना दाखवलं.

तिशीतली ती मुंबईची मुलगी, पण हाताला हुशार निघाली. तिसऱ्या जुडीपासून तिची जुडी बाजारात मान वर करून जाईल अशी होऊ लागली. किशोरच्या हाताची मात्र सवय मोडली होती. त्याची एक काडी इकडे, एक तिकडे, मुळांना मातीची ढेकळं तशीच, सुतळी सैल. त्याने जुडी ढिगावर फेकली ती हवेतच सुटली आणि कोथिंबीर साळूबाईच्या डोक्यावर पडली.

सगळे थांबले. साळूबाईने केसांतल्या काड्या काढल्या. तिने किशोरकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, मिटलं, लाल झालं. हात पदराकडे गेला. पण पदर खोचलेला होता आणि दोन्ही हात चिखलाने भरले होते. तोंडात कोंबायला काही नव्हतं. गळ्याची शीर तट्ट फुगली. आणि तेवढ्यात तिची नजर किशोरवरून घसरली ती शेजारी बसलेल्या स्नेहल मॅडमवर.

"अगं ए मुंबईवाले!"

स्नेहल मॅडमने मान वर केली.

"जुडी हाय का चिमणीचं घरटं? सुतळी बांधली का नुसती दाखवली?"

"मावशी, ती माझी नाही, ती किशोर..."

"उलट बोलू नको! आधी अकरा वाजेस्तोवर लोळायचं, कोंबडा लाजून गप झाला तरी लोळायचं, आन् उठून वर म्हणायचं भाजी आळणी! मिठाचं पोतं तुझ्या वहीत ठेवलंय व्हय?"

साळूबाईचे हात सुरू झाले. उचल, झटक, बांध, फेक. दोन वर्षांनी सुरू झाले, पण ठोका तसूभर हलला नव्हता.

"अहो, मी आत्ताच्या गाडीने मुंबईहून..."

"माझी माहेरची बरणी कोणी फोडली?"

स्नेहल मॅडमने घाबरून सगळ्यांकडे पाहिलं. "मी नाही हो!"

"मंग मांजरीनं फोडली? दोन वर्सं मुरलं होतं लोणचं! तू दोन मिन्टं मुरली असतीस तर माणसात आली असतीस! चिखलाचे बूट देवापुढं! देव उठून बाहेर बसला, म्हणला बाई तूच राहा आत! आन् म्हस? म्हस कोणी घातली वाफ्यात? ती बिचारी इचार करून पाय टाकत होती, तुला तेवढा बी इचार नाय!"

"म्हैस?" स्नेहल मॅडमचा आवाज बारीक झाला.

छायाने तोंड कोथिंबिरीच्या ढिगात खुपसलं होतं आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. लेकी बोले सुने लागे, ही म्हण या घरात तिने लग्नापासून अंगावर झेलली होती. आज लेक मुंबईहून आयती आली होती आणि सून झाला होता किशोर. त्याच्या तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका हाताने जुडी धरायची आणि दुसऱ्या हाताने वही, अशी त्याची धडपड चालली होती.

"सातवीला गणितात गचकलीस, तवा म्हणलं जाऊ दे, हिशेब करील दुसरा कोणी! चांगली नोकरी लागली, ती सोडलीस. काय आणलंस? घड्याळ! भिंतीला घड्याळ आन् घरातल्याला टाइम कळंना! टाळ्यांनी पोट भरतं व्हय? तिकडं गॉगल लावून फिरतीस, म्हणून तुला आय दिसंना!"

आता स्नेहल मॅडमला उमगलं. ती मोठी एम.कॉम. झालेली मुलगी, सातवीत तिला गणितात अठ्ठ्याण्णव होते. तिने कोथिंबिरीचा हिरवा हात हळूच पर्समध्ये घातला, आतल्या छोट्या टेपचं बटण दाबलं आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, मावशी."

"चुकलं म्हणायला काय जातंय! खानदानच तसं! एक बाप, तीस वर्सं झाली, तोंडात खिळा! खिळा काढला तरी शबुद नाय! आन् पोरगी ही अशी!"

आण्णांनी एक जुडी बांधली आणि गुपचूप ढिगावर ठेवली.

बोलणं सातवीवरून सासरच्या खानदानावर गेलं, पणजोबांच्या हरवलेल्या बैलावर गेलं, नळावर आलं, टॉवेलवर आलं, आणि शेवटी बरोबर समेवर, "...म्हणून म्हणते, आधी जुडी बांधायला शीक!" इथे येऊन थांबलं. साडेतीन वाजले होते. पडवी रिकामी होती आणि जुड्या रांगेने लागल्या होत्या.

साळूबाईने श्वास घेतला आणि समोर पाहिलं. स्नेहल मॅडम रडत होत्या.

"अगं माझे बाई!" साळूबाई घाबरली. "मनाला लागलं का गं? अगं, ते तुला नव्हतं..." आणि तिने जीभ चावली. कोणाला होतं ते बोलून चालणार नव्हतं. देवीचे कान तिखट असतात. "म्हंजी तुलाच होतं," ती ठासून म्हणाली. "तुलाच बोलले मी."

"लागलं नाही हो मावशी," स्नेहल मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यांचा सगळा गाल हिरवा झाला. "मी अंधेरीला एकटी राहते. भाजी आळणी झाली तर मीच खाते आणि मीच गप्प बसते. आई गेल्यापासून मला असं कोणी बोललंच नाही. पुढच्या महिन्यात येऊ का परत?"

"येशील नाय तर काय! आन् ती पांढरी विजार घालून येऊ नको चिखलात. अक्कल कुठं ठेवतीस?"

खाकी शर्ट पेटीत परत गेला. एक ऑगस्टला किशोर स्टुडिओत उभा राहिला आणि तीन दिवसांचं काम त्याने दोन दिवसांत केलं. कॅसेटचं नाव 'मुंबईवाले'. साळूबाईची एकच अट होती, की गाण्यात कुठेही किशोरचं नाव येता कामा नये. ते आलं नाही. गणपतीच्या दहा दिवसांत स्पीकरच्या भिंतींनी मुंबईवालीला इतकं फैलावर घेतलं, की पहिली कॅसेट लोक विसरले. स्नेहल मॅडम दर महिन्याला येऊ लागल्या. येताना त्या मुद्दाम काहीतरी चुका करून यायच्या आणि किशोरने त्या महिन्यात काय केलंय ते छाया साळूबाईच्या कानावर आधीच घालून ठेवायची.

नवरात्रात साळूबाई आणि आण्णा गडावर जाऊन आले. किशोर ओट्यावर वाट बघत होता. तिसऱ्या कॅसेटचा फोन कालच येऊन गेला होता आणि आईने आता काय सोडलं असेल या काळजीने त्याला जेवण गेलं नव्हतं.

"आई, खरं सांग. या वेळी काय सोडलंस?"

"मी काय नाय सोडलं," साळूबाई पिशवीतला प्रसाद काढत म्हणाली. "मी एकदा सोडलं तेवढं बास झालं. या टायमाला म्हटलं, बापानं बी सोडावं काय तरी पोरासाठी. यांना सोडायला लावलं."

किशोरने आण्णांकडे पाहिलं. आण्णा चहा घेत नव्हते, तंबाखू खात नव्हते, गोडाला हात लावत नव्हते. या माणसाकडे सोडण्यासारखं होतं काय?

"आण्णांनी काय सोडलं?"

"गप बसणं," साळूबाई म्हणाली.

आण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, छायाकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सगळं प्यायले. मग घसा खाकरला.

"तर किशोर," ते म्हणाले, "तुझ्या आईला बघायला गेलो, तिथपासून सांगतो. तीस वर्सांचं हाय, येळ लागंल."

"अहो, पण त्या दिवशी तर तुम्ही..." साळूबाईने तोंड उघडलं.

आण्णांनी हात वर केला. "मधी बोलू नको. नवस हाय."

साळूबाईचा हात पदराकडे गेला. छाया आत जाऊन किशोरची वही आणि दोन पेनं घेऊन आली.